वेगाचा दावा आणि निष्ठेची साक्ष

झाशीचा किल्ला पाहावयास गेलेला प्रवासी हिंडत हिंडत तटाजवळच्या एका जागेपाशी येऊन थांबतो. त्या जागेस ‘कूदान स्थल’ म्हणतात. १८५८ सालच्या एप्रिलमध्ये राणी लक्ष्मीबाईंनी दत्तक पुत्रास पाठीशी बांधून येथूनच घोडा तटाखाली उडविला, अशी कथा आहे. प्रवासी तटावरून खाली डोकावतो, मनाशी खोली मोजतो आणि तेथेच वादास तोंड फुटते. घोड्याचे नाव बादल, असे एक जण सांगतो. दुसरा सारंगी म्हणतो, तर तिसरा पवन. झाशीहून कालपीपर्यंतची दौड कोणी एका रात्रीत पुरी करतो, तर कोणी चोवीस तासांत. एखाद्याने भीतभीत शंका काढली, तर राणीच्या शौर्यावरच त्याने डाग लावला, अशा नजरेने इतर त्याच्याकडे पाहू लागतात.

हा प्रकार केवळ इतिहासाच्या प्रांतात घडतो असे नाही. पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीच्या घाटावर एखाद्या गाड्याची बारी किती सेकंदांत झाली, यावर गावोगावचे शौकीन हमरीतुमरीवर येतात. आणि आजच्या जगात याच वृत्तीचे सर्वांत ठळक दर्शन घडते ते अतिवेगवान मोटारींच्या, म्हणजे ‘सुपरकार’च्या, चाहत्यांमध्ये. यांतील बहुतेकांच्या दारात तसली मोटार कधी येणार नसते. पुष्कळांनी ती प्रत्यक्ष पाहिलेलीही नसते. तरीही आपल्या आवडत्या कंपनीच्या मोटारीने अमुक मार्गाचा फेरा अमुक मिनिटांत पुरा केला, हे विधान ते घराण्याच्या अब्रूप्रमाणे जपतात. वेगाचा दावा म्हणजे नेमके काय, तो तपासावा कसा, आणि तपासल्याने आपल्या दैवताचे काही उणे होते काय, हे पाहण्यास या दोन दूरदूरच्या उदाहरणांचा एकत्र विचार उपयोगी पडेल.

जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगचा नोर्डश्लाइफे हा डोंगरातून वळणे घेत जाणारा मार्ग मोटारींची कसोटी मानला जातो. २००८ साली निसान या जपानी कंपनीने जाहीर केले, की आपल्या जीटी-आर मोटारीने हा फेरा ७ मिनिटे २९ सेकंदांत पुरा केला. पोर्शे या जर्मन कंपनीस ते पटेना. तिने तशीच एक मोटार विकत घेतली, आपल्या माणसाकडून चालवून पाहिली आणि आपल्याला ७ मिनिटे ५४ सेकंद लागल्याचे सांगितले. निसानने आपला दावा सोडला नाही. पंचवीस सेकंदांचा हा फरक मोटारीचा, चाकांचा, हवेचा की चालकाच्या हाताचा, यावर दोन्ही कंपन्यांचे चाहते पुढे वर्षानुवर्षे भांडत राहिले. मजा अशी, की दोन्ही बाजूंस खात्री पूर्ण होती आणि पुरावा मात्र ज्याचा त्याने स्वतःच दिलेला होता.

या मार्गाची लांबीसुद्धा वादातीत नव्हती. पुष्कळ कंपन्या सुरुवातीचा सरळ तुकडा वगळून सुमारे २०.६ किलोमीटरांचा फेरा मोजीत; पूर्ण फेरा २०.८३२ किलोमीटरांचा आहे. २०२१ साली पोर्शेच्याच एका मोटारीच्या एकाच दौडीच्या दोन वेळा जाहीर झाल्या: लहान मापाने ६ मिनिटे ३८.८ सेकंद आणि पूर्ण मापाने ६ मिनिटे ४३.३ सेकंद. मोटार तीच, चालक तोच, दिवस तोच. केवळ रेघ कोठे आखली यावर साडेचार सेकंद अवलंबून राहिले. म्हणूनच २०१९पासून तेथील व्यवस्थापनाने नियम बांधून दिले. अंतर पूर्ण हवे, मोटारीची तपासणी व्हावी आणि वेळेस त्रयस्थाची साक्ष असावी, असे ठरले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. २०२० सालच्या ऑक्टोबरमध्ये एसएससी या अमेरिकन कंपनीने आपल्या तुआतारा मोटारीने नेवाडा राज्यातील एका रस्त्यावर ताशी ५०८ किलोमीटरांहून अधिक सरासरी वेग गाठल्याचा दावा केला. त्या दौडीचे चित्रणही प्रसिद्ध झाले. जगाने टाळ्या वाजविल्या. पण काही चिकित्सक शौकिनांनी साधाच विचार केला. चित्रणात रस्त्याकडेच्या ओळखीच्या खुणा दिसतात. त्या दोन खुणांमधील अंतर नकाशावर मोजता येते. मोटारीस ते कापावयास किती सेकंद लागले हे चित्रणात दिसते. भागाकार केला तेव्हा वेग दाव्यापेक्षा पुष्कळच कमी भरला. कंपनीस पुन्हा चाचणी घ्यावी लागली आणि २०२१ साली तो जुना आकडा गाठलेला नव्हता, हे तिने मान्य केले. हा दोष उघडकीस आणणारे मोटारींचे वैरी नव्हते, प्रेमीच होते. मोटारीवर प्रेम होते म्हणूनच त्यांनी ते चित्रण इतक्या बारकाईने पाहिले.

या दोन प्रसंगांवरून वेगाच्या कोणत्याही दाव्यास विचारावयाचे प्रश्न आपोआप हाती येतात. आरंभ कोठे आणि शेवट कोठे? वाहन सुरुवातीपासून अखेरपर्यंत तेच होते काय? सांगितलेला वेग क्षणभराचा की सरासरीचा? आणि घड्याळ कोणाच्या हातात होते? यांतील तिसरा प्रश्न झाशीकरांस आपल्या रेल्वे स्थानकावरच शिकावयास मिळतो. २०२१च्या अखेरीस या स्थानकास वीरांगना लक्ष्मीबाई असे नाव देण्यात आले. तेथवर येणारी गतिमान एक्सप्रेस ताशी १६० किलोमीटर वेगाची म्हणून ओळखली जाते. ही गाडी २०१६ साली प्रथम दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकापासून आग्र्यापर्यंत सुरू झाली, तेव्हा १८८ किलोमीटरांस तिला १०० मिनिटे दिलेली होती. म्हणजे सरासरी ताशी ११३ किलोमीटर. दोन्ही आकडे खरे आहेत. एकाच्या जागी दुसरा ठेवला, की खऱ्या आकड्यांतूनही खोटे निर्माण होते.

आता याच प्रश्नांनिशी लक्ष्मीबाईंच्या दौडीकडे वळावे. ४ एप्रिल १८५८च्या रात्री त्या निवडक स्वारांसह झाशीतून बाहेर पडल्या. सर ह्यू रोजच्या सैन्यातील एक लेफ्टनंट त्यांच्या पाठलागावर गेला. झाशीपासून सुमारे २१ मैलांवरच्या भांडेर येथे त्यास न्याहारी अर्धवट टाकून गेल्याच्या खुणा दिसल्या. पुढे करड्या घोड्यावरून, चार सोबत्यांसह जाणाऱ्या राणी त्याच्या दृष्टीसही पडल्या. पण तो जबर जखमी झाला आणि पाठलाग थांबला. ही हकीकत शत्रूपक्षाच्या लिखाणात आहे, हे तिचे विशेष मोल. राणीची थोरवी वाढविण्यात शत्रूस कोणता लाभ होता? भांडेरनंतर मात्र पाठीवर कोणी साक्षीदार उरला नाही. कालपीस रावसाहेब पेशव्यांचा तळ होता. तेथे त्या पोहोचल्या, हे निश्चित. चरित्रांतून हे अंतर १०२ मैल आणि काळ २४ तास असा दिलेला आढळतो. कालपीस पोहोचताच घोडा कोसळला, असेही सांगतात.

अंतराची परीक्षा नकाशावर होते. झाशी ते कालपी हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी १३५ किलोमीटरांहून, म्हणजे सुमारे ८४ मैलांहून, अधिक भरते. घोडा पक्ष्याप्रमाणे सरळ जात नाही. नदीचा उतार, गावची वाट, पाठलागाची भीती यांनी वाट लांबते. तेव्हा १०२ मैलांचा आकडा असंभाव्य मुळीच नाही. काळाची गोष्ट वेगळी. घड्याळ कोणाच्याच हाती नव्हते. वेढ्याच्या वेळी झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा मराठीतील अनमोल वृत्तान्त. पण तो पुष्कळ वर्षांनी आठवणीवरून लिहिलेला आणि १९०७ साली छापलेला. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे मराठी चरित्र १८९४चे, म्हणजे घटनेनंतर छत्तीस वर्षांचे. तास मोजून ठेवावेत, अशी त्या रात्री कोणाची मनःस्थिती असणार?

तरी १०२ मैल आणि २४ तास धरून भागाकार केला, तर सरासरी येते ताशी सव्वाचार मैल, म्हणजे जेमतेम सात किलोमीटर. हा आकडा पाहून निष्ठावंत दचकेल. एवढाच वेग? ही तर घोड्याची चालण्याची गती! येथेच सारे मर्म आहे. या दौडीची थोरवी वेगात नाहीच. ती न थांबण्यात आहे. ताशी सात किलोमीटर एक तास चालणे कोणत्याही तट्टूस जमते. तेच चोवीस तास चालू ठेवावयाचे, तर विसावा, पाणी आणि अंधारात चुकलेली वाट यांत गेलेला प्रत्येक क्षण पुढे दौडून भरून काढावा लागतो. त्यात बुंदेलखंडातील एप्रिलचे ऊन, पाठीवर शत्रू, सोबत लहान मूल आणि मागे पडलेली राजधानी.

घोड्याच्या बाजूनेही पुरावा मिळतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९५५पासून टेव्हिस चषकासाठी एक दौड होते. १०० मैल, २४ तास आणि घोडा एकच, ही तिची अट. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोड्याची नाडी आणि चाल तपासतात. लंगडणाऱ्या वा थकलेल्या घोड्यास तेथेच थांबवितात. महिनोन्‌महिने तयारी केलेले घोडे, आखलेली वाट, हाताशी पाणी आणि वैद्य, एवढे सारे असूनही साधारण निम्म्याच्या आसपास घोडेच शेवटास पोहोचतात. म्हणजे झाशी-कालपीचा दावा शक्यतेच्या कोटीतला आहे, आणि शक्य असूनही फार अवघड आहे. तपासणीने आपले काय नेले? काहीच नाही, उलट आदरास आधार दिला.

तटावरून घेतलेल्या उडीस मात्र असा आधार मिळत नाही. घोड्याच्या उंच उडीचा जागतिक विक्रम १९४९ साली चिली देशात झाला, तो २.४७ मीटरांचा आहे आणि अद्याप मोडलेला नाही. ती वर घेतलेली उडी. खाली उडी घेताना तर घोड्याचा आणि स्वाराचा सारा भार पुढच्या दोन पायांवर येतो. किल्ल्याच्या तटावरून तशी उडी घेऊन त्याच घोड्याने लगेच शंभर मैल जावे, हे अश्वशास्त्रास मानवत नाही. बहुतेक चरित्रांत राणी भांडेर दरवाजाने बाहेर पडल्याचेच वर्णन आहे. ही उडी म्हणजे लोकांनी आपल्या भक्तीस दिलेले रूप आहे. ते रूप म्हणून जपावे. नोंद म्हणून मांडू नये.

निष्ठा ही वाईट वस्तू नव्हे. निष्ठेवाचून ना गाव टिकते, ना कला टिकते. पण निष्ठेस एक खोड असते. जिच्यावर ती जडते, तिचा प्रत्येक आकडा ती आपल्या अंगावरचा दागिना समजते आणि कोणी कस लावू लागला, की कासावीस होते. ज्याचे सोने खरे, त्याने कसोटीच्या दगडास भिण्याचे कारण नाही. मोटारीच्या चाहत्यास पाच सेकंदांची भर लागत असेल, तर त्याचे प्रेम मोटारीवर नसून स्वतःच्या निवडीवर आहे, असे म्हणावे लागेल. लक्ष्मीबाईंच्या भक्तासही तटावरची उडी सोडावयास अवघड जात असेल, तर त्या रात्रीचे खरे चोवीस तास त्याने अद्याप नीट पाहिलेले नाहीत.

लक्ष्मीबाईंची अश्वपरीक्षक म्हणून मोठी ख्याती होती. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. एका सौदागराने दोन घोडे आणले. दोन्ही दिसावयास सारखेच उमदे. राणींनी दोहोंवर बसून रपेट केली आणि एकाची किंमत पुष्कळ सांगितली, तर दुसऱ्याची अगदी नाममात्र. त्याच्या छातीस आतून दुखापत झालेली आहे, असे त्या म्हणाल्या. सौदागरानेही मग ते कबूल केले. ही गोष्टही तोंडोतोंडी आलेली आहे; तीही याच तराजूत ठेवावी. परंतु लोकांनी राणीचा जो गुण म्हणून आठवणीत ठेवला, तो तरी ध्यानात घ्यावा. त्या घोड्याच्या रूपास भुलल्या नाहीत आणि सौदागराच्या शब्दावर विसंबल्या नाहीत. त्यांनी लगाम हाती घेतला आणि घोडा चालवून पाहिला.