शिवण नेमकी कोठे असावी?

नवी सायकल घेतली की पहिले आठ-दहा दिवस उत्साहाचे असतात. पहाटे उठावे, गल्ली जागी होण्यापूर्वी एक मोठी फेरी मारावी आणि दुकान उघडण्याच्या वेळेपर्यंत घरी परतावे. मग एके दिवशी सायकल जिन्याखाली उभी राहते, ती तेथेच राहते. घरची मंडळी समजतात की हौस फिटली. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. सीटवर बसवत नाही, जांघेत कापड घासते, कातडी सोलवटते. आणि हे सासूबाईंना, यजमानांना किंवा सायकलच्या दुकानदाराला सांगावे कसे, हा संकोच असतो. सांगितलेच तर ‘सवय होईल’ हे उत्तर ठरलेले. सवयीने थोडा फरक पडतो हे खरे. परंतु अनेकदा दोष शरीराचा नसतो, कपडा बेतणाऱ्याचा असतो.

कापडाच्या व्यापारात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन उमगेल. पँटीच्या ज्या भागाला शिंपी ‘आसन’ म्हणतात, तेथे चार शिवणी एकत्र येतात. उभे असताना किंवा चालताना ती गाठ जाणवत नाही. सायकलवर मात्र शरीराचा बराचसा भार नेमका तिच्यावर येतो आणि वर पाय सतत फिरत असतात. त्यात सुती कापड घाम शोषून ओलेच राहते, आणि ओली त्वचा कोरडीपेक्षा लवकर सोलवटते. दुसरी गोष्ट हाडांची. बसताना ज्या दोन हाडांवर आपला भार पडतो, त्यांतील अंतर स्त्रियांमध्ये सर्वसाधारणपणे अधिक असते. सीट अरुंद असेल तर ही हाडे तिच्या कडेवरून ओघळतात आणि भार पुढच्या नाजूक भागावर जातो. हँडलवर जितके अधिक वाकावे, तितका तो वाढतो.

पोशाखाची ही अडचण सायकलइतकीच जुनी आहे. १८९४ साली ॲनी लंडनडेरी ही अमेरिकन स्त्री सायकलवरून जगप्रवासास निघाली, तेव्हा तिच्या अंगावर पायघोळ झगा होता. शिकागोपर्यंत पोहोचल्यावर तिने तो टाकला आणि सैल विजार स्वीकारली. पुढे शर्यतींच्या चड्डीत आतून मऊ चामड्याचा तुकडा शिवण्याची पद्धत आली. युरोपातील पर्वतांत राहणाऱ्या शॅमॉय नावाच्या बकऱ्यासारख्या प्राण्याचे ते कातडे असे. आज त्याची जागा कृत्रिम धाग्याच्या व फोमच्या पॅडने घेतली आहे. दुकानात या पॅडला अजूनही ‘शॅमी’ म्हणतात, ते केवळ जुन्या सवयीने. चामडे वर्ज्य असलेल्या घरांनी नावाने दचकण्याचे कारण नाही, मात्र सीटचे आवरण कशाचे आहे हे वेगळे विचारून घ्यावे.

चामडे गेले, तरी बेत पुरुषांचाच राहिला. स्त्रियांसाठी म्हणून जो माल येई, तो बहुधा पुरुषांचाच नमुना लहान करून गुलाबी रंगवलेला असे. अमेरिकेतील अभियंता जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये स्वतःची कंपनी काढली ती याच अनुभवातून. प्रथम त्यांनी स्त्रियांच्या बांध्यानुसार सायकलचे सांगाडे घडवले. नंतर मध्यभागी पोकळी ठेवलेल्या सीट आणि पोशाखही त्यांच्या कंपनीने बाजारात आणले. गिऱ्हाईक बोलत नाही याचा अर्थ ते समाधानी आहे असा नसतो, हे व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

हे मौन किती खोल असते, ते ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाच्या उदाहरणावरून दिसते. जगातील अव्वल खेळाडू, दिमतीला डॉक्टर व प्रशिक्षक. तरीही मुली दुखणे सोसून सराव करीत होत्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी संघाच्या वैद्यकीय चमूने हा प्रश्न उघडपणे विचारायला घेतला, तेव्हा त्याची व्याप्ती कळली. घर्षणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ, शल्यविशारद आणि स्त्रीरोगांचे जाणकार यांना एकत्र बसवण्यात आले. त्यांच्या सल्ल्यांपैकी एक अगदी साधा होता: त्या भागातील केस वस्तऱ्याने किंवा मेणाने काढू नयेत, कारण ते त्वचेचे नैसर्गिक संरक्षण आहे. स्पर्धेपूर्वीच्या महिन्यांत तक्रारी पुष्कळ घटल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सीटचा नियमही सैल केला. पूर्वी ती जवळजवळ आडवीच ठेवावी लागे. आता ९ अंशांपर्यंतचा कल चालतो. घरच्या सायकलला तर कोणताच नियम नाही. सीटचे टोक किंचित खाली झुकवणे हे दोन मिनिटांचे आणि बिनखर्चाचे काम आहे. फार झुकवले तर मात्र शरीर पुढे घसरते आणि हात भरून येतात.

आता कपड्याकडे. चांगल्या चड्डीत आसनाच्या मध्यावर शिवण नसते. ती बाजूला सरकवलेली असते आणि जेथे असते तेथे सपाट. स्त्रियांचा पॅड मागे रुंद व पुढे आखूड असतो. जाड पॅड म्हणजे आरामदायी पॅड, हा गैरसमज आहे. मऊ जाड फोम भाराखाली दबून जातो आणि कडेला गोळा होतो. उपयोग असतो तो हाडांखालच्या घट्ट विणीच्या फोमचा. या चड्डीखाली अंतर्वस्त्र घालायचे नसते, कारण टाळलेली शिवण त्यामुळे पुन्हा तेथेच येते. अंगासरशी चड्डी घालून रस्त्यावर जाणे ज्यांना रुचत नाही, त्यांच्यासाठी पॅड लावलेली पातळ आतली चड्डी मिळते. वरून नेहमीची सैल पँट घालता येते. खांद्यावर पट्टे असलेली चड्डी जागची हलत नाही, हा तिचा गुण. पण वाटेत स्वच्छतागृहात जायचे म्हणजे वरचे सारे कपडे उतरवण्याची पाळी. त्यामुळे काही स्त्रिया पाणीच कमी पितात, आणि उन्हात हे धोक्याचे. अलीकडे मागून खाली ओढता येतील अशा चड्ड्या निघाल्या आहेत. पुरुषांना ही अडचण कधी पडली नाही, म्हणून तोड निघायला इतकी वर्षे लागली असावीत.

खरेदीच्या वेळी आरशासमोर ताठ उभे राहून पाहण्यात अर्थ नाही. उभे असताना ही चड्डी थोडी ओढल्यासारखी वाटते, ती तशीच हवी. हँडल धरल्यासारखे वाकावे, गुडघा वर-खाली करावा आणि पॅड सरकतो का, कडा टोचते का ते पाहावे. फेरीहून आल्यावर ओल्या चड्डीत चहा घेत बसू नये. लगेच उतरवून सौम्य साबणाने धुवावी, उलटी करून वाळवावी. कापड मऊ करणारे द्रव वापरल्यास त्याची घाम बाहेर टाकण्याची शक्ती मंदावते. फोड वारंवार येत असेल, सूज राहत असेल किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर काही दिवस सायकल थांबवून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि तेथे ‘सायकल चालवते’ हे आधी सांगावे.