दीड मिनिटाची शर्यत आणि सिएनाचे वैर

इटलीतल्या सिएना शहरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओ ही घोड्यांची शर्यत होते आणि जेमतेम दीड मिनिटात आटोपते. पियाझ्झा देल काम्पो या शिंपल्याच्या आकाराच्या उतरत्या चौकात फरसबंदीवर मातीचा थर अंथरतात आणि दहा स्वार खोगिराविना तीन फेऱ्या मारतात. जुलैची शर्यत १६५६ पासूनची. ऑगस्टची अठराव्या शतकात रुळली. मधल्या काळात राज्ये बदलली, महायुद्धे झाली, तरी ती चालू आहे. मध्ययुगीन पोशाखातली मिरवणूक आणि निशाणे उडवण्याचे खेळ पाहून तिला ‘जिवंत परंपरा’ म्हणणे सोपे आहे, पण नुसत्या पोशाखांवर कोणतीही परंपरा तगत नाही. पालिओ तगली ती तिच्या नियमांवर, आणि ते नियम सर्वांत वेगवान घोडा निवडण्यासाठी केलेले दिसत नाहीत. शेजाऱ्याशी असलेले वैर जपावे, पण ते हाताबाहेर जाऊ नये, अशी ती व्यवस्था आहे.

सिएनाच्या सतरा कोन्त्रादा आहेत. आपण त्यांना पेठा म्हणू. त्यांच्या हद्दी १७२९ साली बव्हेरियाच्या व्हिओलांते या राज्यपालबाईंनी आखून दिल्या. प्रत्येक पेठेचे स्वतःचे चर्च, संग्रहालय आणि कारंजे असते आणि बहुतेकींचा एक ठरलेला वैरी असतो. कासव आणि गोगलगाय या पेठांचे हाडवैर तर प्रसिद्ध आहे. घोड्यांच्या शर्यतीत या दोन प्राण्यांनी एकमेकांना पाण्यात पाहावे, ही गंमतच. चौकात जागा दहांचीच. आदल्या वर्षी त्याच महिन्यात न धावलेल्या सात पेठांना हक्काने संधी मिळते, उरलेल्या तीन चिठ्ठीने ठरतात. घोडाही चिठ्ठीनेच मिळतो, शर्यतीच्या तीन दिवस आधी, आणि तो बदलता येत नाही. मुंबईच्या महालक्ष्मीवर डर्बी जिंकायची तर पैदाशीवर आणि सरावावर वर्षे घालवावी लागतात. इथे श्रीमंत पेठेच्या वाट्याला अडेलतट्टू येऊ शकते. स्वार बहुधा बाहेरचा, पैसे घेऊन धावणारा. घोड्याने त्याला वाटेत पाडले आणि एकट्यानेच अंतिम रेषा गाठली, तरी जिंकतो तो घोडाच.

याहून नवल म्हणजे पेठांमधले गुप्त सौदे. आपली जिंकण्याची आशा नसेल, तर वैऱ्याला अडवण्यासाठी दुसऱ्या पेठेला किंवा स्वाराला पैसे कबूल करतात. सुरुवातीच्या दोरापाशी नऊ घोडे उभे राहतात आणि दहावा मागून धावत येईल तेव्हा दोर सुटतो. तो मुद्दाम वेळ काढतो आणि तेवढ्यात स्वारांची कुजबुज चालूच असते. विजेत्याच्या हाती रोख बक्षीस पडत नाही. मिळते ते चितारलेले रेशमी निशाण, आणि वर कबूल केलेले पैसे चुकते करावे लागतात. याला भ्रष्टाचार म्हणणारा माणूस पालिओला खेळ समजतो. ती शहराच्या अंतर्गत राजकारणाची रीत आहे: मारामारीऐवजी वाटाघाट, आणि हरलेल्यालाही पुढच्या वर्षीची आशा.

हे सगळे आता पर्यटकांसाठी उरले आहे, असेही म्हणतात. पर्यटकांचा पैसा येतो, हे खरे. पण पाहुण्यांसाठी मांडलेला खेळ वेळेवर सुरू होतो. इथे दोरापाशी ताटकळत अंधार पडू लागतो, पाऊस आला तर शर्यतच पुढच्या दिवसावर जाते, आणि त्याची खंत फक्त परतीचे तिकीट काढलेल्यांना असते.

घोड्यांविषयीचा आक्षेप मात्र असा झटकून टाकता येत नाही. सान मार्तीनोच्या उतरत्या, अरुंद वळणावर घोडे कोसळले आहेत, मेलेही आहेत. शर्यतीच्या दिवशी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, विजयाच्या मेजवानीत त्याला मानाची जागा देतात. पण मोडलेल्या पायाला त्याचा काही उपयोग नाही. शहराने वळणावर गाद्या लावल्या, शुद्ध थरोब्रेड घोडे बंद करून मिश्र जातीचे आणले, पशुवैद्यकीय तपासण्या कडक केल्या. याने परंपरेचे काही बिघडले नाही, आणि बिघडण्याचे कारणही नव्हते. लढत बरोबरीची व्हावी म्हणून पेठांचे कप्तान सर्वांत तेज घोडे कित्येकदा चिठ्ठीतून स्वतःच वगळत आले आहेत. ज्या शर्यतीला सर्वोत्तम घोडाच नको असतो, तिला आणखी सावकाश घोडा आणि आणखी सौम्य वळणही चालेल. ‘परंपरा मोडेल’ ही सबब सिएनाच्या लोकांना तरी शोभत नाही.