वजन उतरले नाही, साखर उतरली

आमचे एक स्नेही माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असल्याचे कळले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितले. तीन महिन्यांनी त्यांनी वजन केले, तर जेमतेम अर्धा किलो कमी! ‘एवढी पायपीट फुकट गेली’ म्हणून त्यांनी चालणे सोडून दिले. अशी माणसे प्रत्येक शिक्षक-खोलीत एक-दोन तरी असतात, म्हणून हा लेख.

प्रथम थोडा हिशेब करू. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. शरीरात रक्त साधारण ५ लिटर. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरते साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा! याउलट पोळी-भाताच्या एका जेवणातून सहज ६०-७० ग्रॅम ग्लुकोज रक्तात येते. ते रक्तातच राहिले तर अनर्थ होईल. रक्त हा साखरेचा रस्ता आहे, कोठार नव्हे. कोठारे दोन. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ३०० ते ४०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठू शकते. मोठे कोठार अर्थातच स्नायूंचे.

पण ग्लुकोज स्नायूपेशीत आपोआप शिरत नाही. त्याला आत नेणारी ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने असतात आणि एरवी ती पेशीच्या आत लहान पिशव्यांत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पेशीच्या आवरणावर येतात आणि दार उघडते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, निदान सुरुवातीच्या काळात, इन्सुलिन पुरेसे, कधी कधी जास्तही असते. पण त्याचा निरोप पेशीत नीट पोचत नाही. यालाच इन्सुलिन-रोध म्हणतात.

आता खरी गंमत पाहा. स्नायू आकुंचन पावू लागला की हीच वाहक प्रथिने इन्सुलिनच्या निरोपाशिवायही आवरणावर येतात. आकुंचनाच्या वेळी पेशीत सुटणारे कॅल्शियम आणि इंधन खर्च झाल्याची पेशीला मिळणारी सूचना, असा हा वेगळाच मार्ग आहे. मधुमेही माणसात पहिला मार्ग अडखळत असला, तरी हा दुसरा बहुतांशी शाबूत असतो. शिवाय चालणे थांबल्यावर रिकामे झालेले कोठार पुन्हा भरायचे असते, त्यामुळे पुढचे २४ ते ४८ तास स्नायू इन्सुलिनचा निरोपही अधिक चांगला ऐकतात. या साऱ्यात चरबी घटण्याचा संबंध आला का? नाही.

आमच्या स्नेह्यांचे जुने अहवाल आम्ही मागवून पाहिले. त्याच तीन महिन्यांत त्यांचे ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन ८.१ टक्क्यांवरून ७.४ वर आले होते. (तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते. म्हणून ही चाचणी दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशेब सांगते.) अर्थात गोळ्याही चालू होत्या. एका माणसावरून श्रेय कोणाचे ते ठरत नाही. त्यासाठी व्यायाम करणारा आणि न करणारा असे गट लागतात. कॅनडातील संशोधकांनी २००१ साली असे १४ अभ्यास एकत्र करून तपासले. व्यायाम करणाऱ्या गटांत ही टक्केवारी सरासरी ०.६६ ने कमी होती. वजनात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता!

आपल्याकडे तर वजनकाट्यावर विसंबणे अधिकच फसवे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्त चरबी डॉ. याज्ञिकांची, हे सांगायला नकोच.

परिणाम दोन दिवसांत ओसरतो म्हणूनच नियमितपणाला महत्त्व आहे. रविवारी सिंहगड चढून सहा दिवस खुर्चीत बसणे हा सौदा आम्हाला तरी पटत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि लागोपाठ दोन दिवसांहून अधिक खंड नाही, असे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही इतपत वेग.

मात्र दुसरे दार उघडते म्हणजे रक्तातील साखर फार खालीही जाऊ शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि स्वादुपिंडाला अधिक इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच वेळ ठरवावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, गरगरणे जाणवले तर तेथेच थांबून ती खावी. छातीत दुखत असेल किंवा डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर आधी तपासणी. तळपायांची संवेदना कमी झालेली असेल, तर अनवाणी चालू नये. बूट काढल्यावर पाय रोज उजेडात पाहावेत, कारण फोड आलेला त्यांना कळतच नाही.