मूळ नक्षत्र : भयाचे की विद्येचे?

आश्विन शुद्ध पक्षात चंद्र मूळ नक्षत्री आला म्हणजे सरस्वतीचे आवाहन करावे, पूर्वाषाढा नक्षत्रावर तिचे पूजन, उत्तराषाढावर बलिदान आणि श्रवणावर विसर्जन करावे, असा आपल्या शास्त्राचा संकेत आहे. पंचांगाच्या पानावर ही नोंद दिसते तेव्हा पालघर परिसरात नवरात्राचा जागर रंगात आलेला असतो. केळव्याच्या शीतलादेवीपुढे दर्शनार्थींची रीघ असते, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून बोईसर-तारापूरला पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबे आपापल्या रीतीने देवीचा उत्सव मांडतात.

पण हेच मूळ नक्षत्र एखाद्या मुलीच्या पत्रिकेत निघाले, तर मात्र घरातील वडीलधाऱ्यांचे चेहरे उतरतात. आश्लेषा सासूला, मूळ सासऱ्याला, ज्येष्ठा थोरल्या दिराला आणि विशाखा धाकट्या दिराला वाईट, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मुलगी शिकलेली, गुणी, निरोगी असते; पसंतीही झालेली असते; आणि तरीही ‘पत्रिका जुळत नाही’ एवढ्या तीन शब्दांत स्थळ परत जाते. १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र ज्या तारापुरात सुरू झाले, तेथील घरेही या भयापासून अलिप्त राहिली आहेत असे म्हणवत नाही.

नक्षत्राचे स्वरूप

सत्तावीस नक्षत्रांतील हे एकोणिसावे. वृश्चिकाच्या वळलेल्या नांगीतील तारे ते मूळ. त्याची देवता निर्ऋती, म्हणजे विनाशाची अधिष्ठात्री. आणि त्याचे चिन्ह मुळ्यांची जुडी. जे समूळ उपटते ते मूळ, आणि ज्यातून सारे उगवते तेही मूळच! अथर्ववेदात या स्थानीच्या दोन ताऱ्यांना ‘विचृत्’ म्हणजे बंध सोडविणारे म्हटले असून, वंशपरंपरेने आलेल्या रोगाच्या पाशातून त्यांनी मुक्त करावे अशी प्रार्थना आहे. त्याच वेदात या नक्षत्रावर जन्मलेल्या बालकाच्या रक्षणाचे सूक्तही आहे. भय आणि मुक्ती ही दोन्ही रूपे अशी प्रथमपासून एकत्र नांदत आली.

जातकाच्या स्वभावाविषयी वराहमिहिर काय म्हणतो, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. सहाव्या शतकातील या आचार्याने ‘बृहज्जातका’त मूळ नक्षत्रावर जन्मणारा मनुष्य मानी, धनवान, सुखी, स्थिरचित्त, उपभोग घेणारा आणि हिंसेपासून दूर राहणारा असतो, असे वर्णन केले आहे. अशी सून घरात आली, तर सासऱ्याने भ्यावे ते कशासाठी?

दोष आणि शांती

ज्येष्ठेचा शेवट आणि मुळाचा आरंभ हा संधिकाल परंपरेने नाजूक मानला. पहिला चरण पित्याला, दुसरा मातेला, तिसरा धनाला बाधक आणि चौथा शुभ, अशी वाटणी केली. संधीच्या घटिका नेमक्या किती धराव्या, यावर मात्र ग्रंथांचे एकमत नाही. संत तुलसीदासांचा जन्म ‘अभुक्त मुळा’वर झाला आणि म्हणून ते बालपणीच मातापित्यांच्या छत्राला मुकले, अशी आख्यायिका आहे. टाकून दिलेल्या त्या बालकानेच पुढे घरोघरी राम नेऊन पोहोचविला!

शास्त्राने दोष सांगितला तशी शांतीही सांगितली. गोमुखप्रसव शांतीत बालकाला सुपात घालून गाईच्या मुखाजवळ नेतात. जणू ते गाईच्या पोटी पुन्हा जन्मले. या विधीचा हेतू बालकाला निःशंकपणे जवळ घेण्याचा आहे, दूर लोटण्याचा नव्हे. दूरच्या बाली बेटावरील हिंदूही ‘वायांग’ नावाच्या सप्ताहात जन्मलेल्या मुलासाठी छायानाट्याचा शुद्धिविधी करतात. त्यांच्या २१० दिवसांच्या पंचांगातही सरस्वतीचा दिवस आहे. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते.

साधा हिशेब

चंद्र सुमारे सत्तावीस दिवसांत आकाशाची एक प्रदक्षिणा पुरी करतो आणि प्रत्येक नक्षत्री साधारण एक दिवस असतो. म्हणजे सत्तावीस माणसांमागे एक मूळ नक्षत्राचे. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याच्या प्रदेशात सुमारे ३० लाख लोकवस्ती होती. त्यात लाखाहून अधिक माणसे या नक्षत्राची असणार. इतक्या घरांवर अरिष्ट कोसळल्याचे कोणी पाहिले आहे काय?

याच जिल्ह्यातील जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांकडे पाहावे. तेथील आदिवासी बांधवांत ज्या वारी मूल जन्मले त्या वाराचे नाव त्याला देण्याची रीत आहे : सोम्या, बुध्या, शुक्र्या. मंगळवारी जन्मली ती मंगळी. शहरात जो शब्द ऐकून वरपिता दचकतो, तोच पाड्यावर आई आपल्या लेकीला हाक मारण्यासाठी वापरते.

शारदेचे मूळ

भाद्रपदात ज्येष्ठागौरींचे विसर्जन होते ते मूळ नक्षत्रावर, आणि आश्विनात सरस्वती येते तीही मुळावरच. जुन्या मराठीत सासरच्या लेकीला माहेरी आणण्यासाठी पाठविलेल्या माणसालाही ‘मूळ’ म्हणत. मुऱ्हाळी तो हाच. लेक त्याची वाट पाहत दारात उभी राही.

यंदा आवाहनाच्या सायंकाळी आकाश निरभ्र असेल, तर चिंचणीच्या किनाऱ्यावरून नैर्ऋत्येकडे दृष्टी टाकावी. सप्तमीच्या सुमाराच्या चंद्राखाली वृश्चिकाची नांगी दिसेल. मग घरी येऊन मुलांच्या पाटीवर सरस्वती रेखाटावी. आणि पत्रिकेतील ‘मूळ’ एवढा एकच शब्द वाचून परत पाठविलेले स्थळ जर कोणाच्या घरी असेल, तर दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याच्याकडे पुन्हा मूळ धाडावे. ज्या नक्षत्रावर विद्यादेवतेला घरात बोलवावयाचे, त्याच नक्षत्राच्या लेकीला दार लावणे शारदेला कसे रुचेल?