एकदा विचारून भागत नाही

नंदगडहून खानापूर-बेळगावला शिकायला जाणारी मुले मनाने बरी आहेत का, हे मोजायला जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, उत्साह होता का, उठल्यावर ताजेतवाने वाटले का, दिवसात रस वाटेल असे काही होते का? प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरजेची चौपट केली की शंभरापैकी आकडा मिळतो. पण नुसत्या ५२वरून काय कळणार? ७६वरून घसरलेला ५२ काळजीचा, ३६वरून चढलेला दिलाशाचा. म्हणून त्याच मुलांना पुन्हापुन्हा विचारायला हवे.

पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाची एकदाच तुलना करणे सोपे, पण फसवे. मधेच कॉलेज सोडलेली मुले तिसऱ्या वर्षाच्या सरासरीत नसतातच. उरलेल्यांचा आकडा उगीच बरा दिसतो. मुले खरे सांगतील कशावरून, ही शंका रास्त आहे. नाव गुप्त ठेवले तर संकोच कमी होतो. शिवाय सदा हात राखून उत्तर देणाऱ्याची तुलना स्वतःशीच झाली, की त्या सवयीचा परिणाम बराचसा वजा होतो. परीक्षेच्या दिवसांत सगळेच खचतात, हेही खरे; त्यासाठी दरवर्षी मोजणीचा महिना तोच हवा. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाने एक तुकडी अशी तीन वर्षे पाहावी, आणि शिक्षण सुटलेल्यांनाही फोन करून तेच पाच प्रश्न विचारावेत.