फोटोच्या पाठीवरचे नाव

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने उमटवलेला ठसा. फिल्मवरच्या जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश लागलेल्या कणांची डेव्हलपर या रसायनात काळी चांदी होते, उरलेले क्षार ‘हायपो’ हे दुसरे रसायन काढून टाकते आणि चित्र पक्के होते. समोरचा माणूस उठून जातो, ठसा राहतो.

छायाचित्र काढण्याची दागेरची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. फोटो काढला की आयुष्य घटते, ही भीती मात्र पुढेही बरीच वर्षे लोकांच्या मनात होती. त्याच फोटोला नंतर घराघरांत हार चढला. श्राद्धात नाव आणि गोत्र उच्चारून तीन पिढ्यांचे स्मरण होते. तिथे नाव असते, चेहरा नसतो. फोटोने चेहरा दिला, पण पुष्कळदा नाव गळून पडले. हा तोटा लहान नाही. काळ्या जाड पानांचा, मध्ये बटरपेपर घातलेला आल्बम उघडावा, तर चार कोपऱ्यांत अडकवलेल्या फोटोतली नऊवारीतली बाई कोण, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

मुळशी तालुक्यातल्या लवळ्यासारख्या गावात फोटो आणखी एक काम करतो. तिथल्या टेकडीवर आता सिम्बायोसिस विद्यापीठ आहे. पुणे शहर जवळ सरकले तशी अशा गावांची शिवारे बदलली. लग्नाच्या जुन्या फोटोत लक्ष नवरानवरीकडे असते. पण मांडवामागची उघडी टेकडी, बांध, बैलगाडी हेही आपोआप नोंदले जाते. काढणाऱ्याच्या मनात नसलेली ही नोंद कधीकधी मुख्य चित्रापेक्षा मोलाची ठरते.

ही नोंद टिकवायची, तर ओल हा फोटोचा मोठा शत्रू. पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते, फ्रेमच्या काचेला फोटो चिकटतो. चिकट पानांचे आल्बमही घातकच. कोरडी जागा, आम्लरहित कागद आणि निगेटिव्ह वेगळे ठेवणे, एवढे पुरे. मोबाइलमधल्या फोटोंच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी हव्यात.

आणि फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव, साल लिहावे. चेहरे ओळखणारी आजी घरात आहे, तोवरच हे काम उरकून घ्यावे.