थेंब पडत नाही, तरी पाणी संपतं

बॉनेट केव्हाचं उघडलंय, पण मिस्त्रींनी अजून कशालाही हात लावलेला नाही. ते वाकून डावीकडून बघतात, बॅटरीच्या बाजूला येऊन पुन्हा बघतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं हे गॅरेज. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालू आहे, पलीकडे कुणीतरी लोखंड घासतंय. एप्रिलची सकाळ असली तरी ऊन अजून शटरच्या आत आलेलं नाही. गाडी काल संध्याकाळीच आणून ठेवायला त्यांनी सांगितलं होतं, कारण तपासताना इंजिन पूर्ण थंड हवं.

गाडी एका शिक्षिकेची आहे. गारगोटीकडच्या शाळेत त्यांचं रोजचं जाणं-येणं असतं. जुनी पेट्रोल गाडी, पण आतून लख्ख ठेवलेली.

“मॅडम, परत एकदा सांगा. पाणी कसं कमी होतंय?”

“आठवड्याला बाटली निम्मी होते. पण खाली एक थेंब नाही. रात्री पुठ्ठा घालून बघितला, सकाळी कोरडा.” मग जरा हळू आवाजात त्या म्हणतात, “एका ठिकाणी दाखवली होती. ते म्हणाले, हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवायला लागेल.”

“हेड काय, कवाबी उतरवता येतंय. आधी बघू तर.”

या एका वाक्यासाठी मला हे मिस्त्री आवडतात. गाडी पाणी पिते म्हटलं की अंदाजानं एकेक पार्ट बदलत जाण्याची रीत सगळीकडे आहे. होज बदला, मग रेडिएटर बदला, तरी भागलं नाही तर हेड खोला. यात गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि दुखणं तिथंच राहतं.

सुरुवात ते सगळ्यात वाईट शक्यतेपासून करतात. ऑइलची पट्टी ओढून फडक्यावर टेकवतात. पाणी ऑइलमध्ये गेलं असतं तर ते दुधाच्या चहासारखं दिसलं असतं. हे काळपट आहे, पण स्वच्छ. रेडिएटरचं झाकण उघडून हाताखालचा पोरगा गाडी सुरू करतो, मिस्त्री तोंडाशी वाकून पाण्याकडे बघत राहतात. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो आणि बुडबुडे थांबत नाहीत. इथं पाणी शांत आहे. सायलेन्सरमागे पांढरा धूर नाही. मिनिटभरात गाडी बंद.

मग ते पुढच्या सीटसमोर खाली बसतात, कार्पेटखाली हात घालतात. डॅशबोर्डच्या आत हिटरची छोटी जाळी असते. ती फुटली तर पाणी रस्त्यावर न पडता पायाखाली मुरतं, काचेवर आतून चिकट धुकं धरतं, गाडीत गोडसर वास भरून राहतो. कार्पेट कोरडं आहे, वासही नाही.

“मामा, टेस्टर आणू?” पोरगा विचारतो.

“आण.”

टेस्टर म्हणजे हातपंप, त्याला घड्याळाएवढा गेज. तो रेडिएटरच्या तोंडावर झाकणाच्या जागी बसतो. मूळ झाकणावर १.१ हा आकडा छापलाय, म्हणजे एवढा बार दाब होईपर्यंत ते पाणी कोंडून धरतं. ही कोंडी मुद्दाम असते. उघड्यावर साधं पाणी १०० अंशांना उकळतं, या दाबाखाली १२० च्याही जरा पुढं जातं, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडणं जिवावर बेतू शकतं. दाब सुटतो आणि न उकळलेलं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. घाटात गाडी बाजूला घेऊन ओल्या फडक्यानं झाकण पिळणारी माणसं मी पाहिली आहेत. दर वेळी अंगावर काटा येतो.

मिस्त्री पंप मारतात. काटा पंधरा पौंडांवर, म्हणजे झाकणावरच्या आकड्याच्या जरा खाली, आणून ते थांबतात. थंड इंजिनात आता चालत्या गाडीतल्यासारखा दाब आहे, हात भाजायची भीती मात्र नाही. आम्ही सगळे काट्याकडे बघतो. बराच वेळ काही होत नाही. मग तो एका रेषेनं खाली सरकतो. थोड्या वेळानं आणखी एका.

“जातंय,” मिस्त्री म्हणतात. “पण कुठनं?”

होज कोरडे, क्लिपा कोरड्या. रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीची कड ते बोटानं चाचपतात, बोट कोरडंच येतं. पोरगा टॉर्च धरतो. मिस्त्री दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा इंजिन आणि आतला पत्रा यांच्यामधल्या फटीत घालतात. बेल्ट फिरतो ती ही बाजू, सरळ नजर तिथं पोचत नाही. आरसा हळूहळू वर सरकतो आणि थांबतो.

“हे बघा की.”

मी वाकतो. पत्र्यावर पुलीच्या बरोब्बर समोर बारीक पांढरट-हिरव्या ठिपक्यांची रेघ उठली आहे. ते एक ठिपका नखानं खरवडून चिमटीत चोळतात, हुंगतात आणि चिमूट आमच्यापुढे धरतात. गोडसर वास. पाणी गळतंय ते गाडी चालताना. फिरती पुली ते भिरकावते, तापल्या पत्र्यावर ते वाळून जातं आणि मागं राहतो फक्त कूलंटचा रंग नि क्षार. गाडी थांबली, थंड झाली की दाब उतरतो. पुठ्ठा ओला होणार कसा?

“वॉटर बॉडी,” मिस्त्री सांगतात. पाणी फिरवणाऱ्या पंपाला इथं सगळे वॉटर बॉडीच म्हणतात.

बेल्ट उतरतो. मिस्त्री पुली दोन बोटांनी धरून पुढं-मागं हलवतात. ती हलते, हलायला नको होती. फिरवल्यावर आतून खरखर येते. मॅडमना जवळ बोलावून त्यांचाच हात ते पुलीवर ठेवायला लावतात. “कळतंय?” त्या मान हलवतात.

एवढ्यावर निदान पक्कं झालं असतं. पण मिस्त्रींचं समाधान झालेलं नाही. पंपाच्या खालच्या अंगाला ते काहीतरी शोधतायत. ब्रशनं मळ काढतात, पुन्हा आरसा धरतात आणि तोंडातल्या तोंडात एक कडक शब्द येतो. तिथं राखाडी सिलिकॉनचा गोळा थापलेला आहे. दाभण घेऊन ते तो उकरतात. आत बारीक छिद्र आहे. ते मोकळं होताच त्यातून हिरवा थेंब फुगतो, लोंबतो आणि खाली पडतो. पाठोपाठ दुसरा.

“तोंड बुजवलं होतं हिचं कुणीतरी.”

हे छिद्र बनवणाऱ्यानंच ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्यावर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, आणि मधे सील. सील झिजायला लागलं की चुकार पाण्यानं बेअरिंगकडे न जाता बाहेर पडावं, मालकाला दिसावं, यासाठी दोघांच्या मधोमध ही वाट काढलेली. मागे कधीतरी इथून थेंब पडला असणार. कुणीतरी सिलिकॉन थापून गळती थांबल्याचं सांगितलं असणार. वाट बंद झाल्यावर पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, त्यातलं ग्रीस धुऊन गेलं, दांडा डुगडुगायला लागला, आणि डुगडुगत्या दांड्यानं उरलंसुरलं सील खाल्लं. उद्या बेअरिंग जाम झालं असतं तर बेल्ट तुटला असता. पंप बंद, चार्जिंग बंद, तापून हेड वाकडं. तेही शाळेच्या वाटेवर, भर उन्हात. हे काम ज्यानं केलं त्याला छिद्र कशासाठी असतं ते ठाऊक नसेल तर वाईट, आणि ठाऊक असेल तर फार वाईट. मला त्या गोळ्याकडे बघून संताप येतो.

“म्हणजे हेड?” मॅडम विचारतात.

“हेडला काय झालंय? काय न्हाई.”

त्या पहिल्यांदाच बाकावर बसतात.

आता काम भरभर चालतं. खाली ट्रे सरकतो, पाणी सोडलं जातं. हिरवं निघतं, पण त्यात तांबूस गढूळपणा आहे. वरचेवर बोअरचं पाणी ओतलंय, त्यामुळं आत गंज धरलाय. गॅरेजचं कुत्रं हुंगत ट्रेकडे येतं आणि मिस्त्री हातातलं काम टाकून त्याला हाकलतात, ट्रेवर पत्रा ठेवायला लावतात. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. जनावर चाटतं आणि त्याची किडनी निकामी होते. फरशीवर सांडलेलं पोरगा पाणी मारून पुसून घेतो, ट्रेमधलं कॅनमध्ये भरून बूच लावतो.

जुना पंप निघतो. बसायच्या जागेवरचं जुनं गॅस्केट मिस्त्री ब्लेड जवळजवळ आडवं धरून सोलतात. ॲल्युमिनियम मऊ असतं, एक ओरखडा राहिला तरी नवीन गळती तिथूनच. या कामाला ते सगळ्यात जास्त वेळ देतात. बोटाचं पेर फिरवून बघतात, पुन्हा सोलतात, पुन्हा फिरवतात. हे ओतकाम करणाऱ्यांचं शहर आहे. धातूचा पृष्ठभाग बोटानं वाचणारी माणसं इथं गल्लोगल्ली आहेत.

पोरगा मोटरसायकलवरून नवा पंप घेऊन येतो. मिस्त्री आधी तो उजेडाकडे धरून छिद्र मोकळं आहे ना ते बघतात. मग बोल्ट हातानं लावून घेतात, समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत नेतात. बेल्ट चढतो. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. गाडी सुरू, हिटर पूर्ण गरमवर. झाकण उघडंच ठेवून ते वरचा होज मुठीत दाबतात, सोडतात. आत अडकलेली हवा गुडगुडत बाहेर पडते. थर्मोस्टॅट अजून मिटलेला आहे, होज कोमट. मग ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या सुमाराला तो उघडतो आणि होज एकदम चटका देतो. पातळी खाली जाते, पोरगा भर घालतो. पंखा फिरतो, थांबतो.

पण टेस्टर थंड झाल्यावरच लावणार, असं मिस्त्री बजावतात. दुपार कलते. काटा पुन्हा पंधरावर येतो. चहा येतो, पिऊन होतो, काटा जागचा हलत नाही.

“आठवडाभर सकाळी गाडी काढायच्या आधी बाटली बघायची, मॅडम. खूण मारून ठेवलीय. त्याच्या खाली गेलं तर फोन करा, आणि बोअरचं पाणी आजपासून बंद.” जुना पंप कागदात गुंडाळून ते त्यांच्या हातात देतात. “ज्यानं बुजवलं, त्याला दाखवा.”

मॅडम पिशवीत पंप ठेवतात आणि पैसे मोजायला लागतात. मिस्त्री हात पुसत पुढच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगतात.